वरचा मजला थोडा थांबू दे

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मध्येच बंद झाला. रेंज गेली, असं तू नंतर कळवलंस, ते मी मानते. पण "आई, तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते" हे वाक्य रेंज चांगली असतानाच आलं होतं. म्हणून पत्र लिहिते आहे. यात मला कोणी मध्येच तोडत नाही, आणि तुलाही कंटाळा आला की बाजूला ठेवता येतं.

आधी कौतुक करते, कारण रविवारी ते राहूनच गेलं. नवा नकाशा बघितला. पहिल्या नकाशात घराला इतके कोपरे होते की बाबा म्हणाले, यात माणूस हरवेल. आता सरळ चौकोन केलात ते फार बरं झालं. 30 बाय 30 च्या घराला बाहेरून 120 फूट भिंत लागते. तेच 900 चौरस फूट 60 बाय 15 मध्ये बसवले तर 150 फूट. राहायची जागा तेवढीच, पण जादा 30 फूट भिंत, तिच्याखालचा पाया, दोन्ही अंगांचा गिलावा आणि दर काही वर्षांनी तिला लागणारा रंग अंगावर. हे आर्किटेक्टनी सुचवलं की तुझं तूच मांडलंस? तुझं असेल तर बाबांना तसं कळव. ते नकाशाची प्रिंट काढून शेजारी दाखवून आलेत, आणि तिथे मात्र "आमच्या चिरंजीवांनी काढलाय" असंच सांगून आलेत.

दोन्ही बाथरूम आणि स्वयंपाकघराचं सिंक एकाच भिंतीला आणलंत, तेही छान. पाइप कमी, जोड कमी, आणि उद्या गळलंच तर शोधायचं कुठे ते माहीत. मीराची कल्पना असणार. तिला माझी शाबासकी सांग.

आता वरच्या मजल्याचं. हे एकदाच लिहीन आणि पुन्हा काढणार नाही.

"एकदाच करून टाकू, नंतर दर वाढतील, बाजूला ठेवलेले आहेत ना ते वापरू," असं म्हणालास. यातली पहिली दोन वाक्यं मला पटतात. पाया आणि छप्पर तेच राहतं, त्यामुळे वरच्या मजल्याचा चौरस फुटाचा दर खालच्यापेक्षा कमी पडतो, हा तुझा हिशोब बरोबर आहे. तिसऱ्या वाक्याला मी अडले. बाजूला ठेवलेले पैसे हे बांधकामाचे पैसे नव्हेत रे. बांधकामात अचानक काय काय निघतं, त्यासाठी अंदाजपत्रकाच्या वर दहा-पंधरा टक्के धरावेच लागतात, आणि ते तू धरले आहेस, मी तुझ्या तक्त्यात बघितलं. पण ते घराचे. घरातल्या माणसांचे वेगळे. सहा महिने पगार आला नाही तरी घरखर्च, भाडं आणि कर्जाचा हप्ता चालेल, एवढी रक्कम कुठल्याही स्लॅबमध्ये ओतायची नसते. बांधकाम चालू असताना भाडंही असतं आणि हप्ताही, म्हणजे नेमकं त्याच वर्षी ती रक्कम जास्त लागते.

झालं. एकदा लिहिलं.

आणि खोल्या किती लागणार आहेत? तुम्ही तिघं. वरच्या दोन खोल्यांना फरशी लागेल, खिडक्या, वायरिंग, पंखे, पुन्हा रंग. न लागणारी खोली कितीही स्वस्तात बांधली तरी तिचे पैसे गेलेच. मी मजला बांधूच नको असं म्हणत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला आत्ताच सांग की फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, आणि कॉलम दोन मजल्यांच्या भाराचे हवेत. तेवढ्याने पायाचा खर्च थोडा वाढेल, पण नंतर पाया वाढवणं म्हणजे काय प्रकरण असतं ते कुठल्याही गवंड्याला विचार. जिन्याची जागा पक्की करा. कॉलमच्या सळ्या वर सोडा, पण उघड्या सोडू नका. वर्षानुवर्षं पावसात गंजून निम्म्या झालेल्या सळ्या लोकांच्या गच्चीवर दिसतातच की. त्यांना सिमेंटचा घोळ लावून वर कच्च्या काँक्रीटचं आवरण दिलं की टिकतात, मजला चढवताना फोडून काढता येतं.

तुला आठवतं का माहीत नाही, आपल्या घराच्या वेळी बाबा महिनाअखेरीलाच येऊ शकायचे. साइटवर मी आणि तू. तू इतका लहान होतास की वाळूच्या ढिगावरून उतरवायला रोज ओरडावं लागायचं. प्रत्येक कॉलम भरला की त्यावर मी खडूने तारीख घालायची, म्हणजे पाणी किती दिवस मारायचं ते गवंड्याशी वाद न घालता कळायचं. तू त्या तारखेखाली स्वतःचं नाव लिहायचास, आणि "अमोल"मधला "ल" दर वेळी उलटा. पोती भिजवून कॉलमला गुंडाळायचं काम तुझंच होतं. हट्टाने मागून घेतलं होतंस. अर्ध्या वेळेला कॉलमपेक्षा तूच जास्त भिजलेला असायचास, आणि तुझी अक्का नाक मुरडत लांब उभी.

ते पाणी मारणं विसरू नकोस. त्याला पैसे लागत नाहीत म्हणूनच लोक ते टाळतात. काँक्रीट निदान सात दिवस ओलं राहिलं पाहिजे, आणि हल्ली राख मिसळलेलं सिमेंट येतं त्याला दहा, मी तर चौदा म्हणेन. पुरी ताकद धरायला 28 दिवस लागतात. महाग सिमेंट आणून दुसऱ्या दिवशी ते उन्हात वाळवत ठेवायचं, यात कसली बचत? तसंच मिक्सरमधल्या पाण्याचं. 50 किलोच्या गोणीला साधारण 25 लिटर, आणि ओल्या वाळूत असतं तेही त्यातच धरायचं. कामगारांना पातळ माल ओतायला सोपा जातो, त्यामुळे तुझी पाठ वळली की बादली रिकामी होते. ते जादा पाणी उडून जातं आणि मागे भोकं राहतात. स्लॅबच्या दिवशी रजा काढ. दुसऱ्या कुठल्या दिवशी काढली नाहीस तरी चालेल.

सळई वजनावर घेशील तेव्हा काटा बघ, आणि घरी येऊन पुन्हा आकडेमोड कर. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करायचा आणि 162 ने भागायचं, की एका मीटरचं किलोतलं वजन मिळतं. 12 मिलिमीटरची, 12 मीटर लांब सळई 10.7 किलोच्या आसपास भरली पाहिजे. थोडं इकडेतिकडे चालतं. पण नग मोजून माल उतरवला आणि बिल मात्र वजनाचं, असं झालं की हा हिशोब कामाला येतो. आमच्याकडे माल घालणारा एक जण पहिल्या खेपेला माझ्याकडे बघतही नव्हता, चलनावर सही करायला "साहेब कुठायत" विचारायचा. मी कागदावर भागाकार करून दाखवल्यानंतर पुढच्या खेपेपासून तो "ताई, तुम्हीच मोजा" म्हणायला लागला.

सवलत मिळते म्हणून सिमेंट एकदम भरून ठेवू नकोस. तीन महिन्यांवर गेलेल्या सिमेंटचा जोर उतरतो, खाली लाकडाच्या फळ्या घातल्या तरी. लागेल तसं आणायचं.

बघ, पुन्हा शाळा सुरू झाली माझी. तू इंजिनिअर आहेस, भले दुसऱ्या शाखेचा असशील, आणि यातलं निम्मं तुला माहीत असणार. रागावू नकोस. मला सांगायचं असतं एक आणि हात लिहितो भलतंच.

सांगायचं होतं ते त्या पैशांचंच. हो, पुन्हा काढते. निळ्या डब्यातलं पासबुक आठवतं? घर प्लास्टरपर्यंत आलं तेव्हा हातातले पैसे संपले होते, आणि त्या पासबुकात पुरे होतील एवढे होते. बाबा म्हणाले, काढू या, फरशी आणि गेट होऊन जाईल, लोक येतात-जातात. मी म्हटलं, लोकांना कोब्यावरून चालू दे. दोन पावसाळे आपण बिनगेटचे आणि बिनफरशीचे राहिलो, मोठ्या आत्यांनी त्यावरून काय काय ऐकवलं ते तू ऐकलं आहेसच. आणि मग अप्पांचं ते सगळं झालं. त्या रात्री बाबांनी डबा काढून माझ्यासमोर ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. ते पैसे फरशीत गेले असते तर आम्ही कोणाच्या दारात उभे राहिलो असतो, याचा विचार मी अजूनही पहाटे करते, कधी कधी. तुमचं तसं काही होणार नाही. होऊ नये. पण छोटीचं दर थंडीत छातीचं सुरू होतं, आणि मीराच्या आईंचंही आता वय झालंय, आणि तू एकटा किती पळणार?

खर्च कमी करायचा असेल तर जे नंतर करता येतं ते नंतर कर. कपाटं नंतर. पीओपीची छतं तर नकोतच, कोळ्यांची सोय. कंपाउंडचा रंग, पार्किंगच्या फरश्या, ते सगळं पुढे सावकाश. पण ज्यावर काँक्रीट किंवा फरशी बसणार आहे तिथे हात आखडू नकोस. माती परीक्षण करून घे. ठेकेदार म्हणतो, शेजारच्या प्लॉटमध्ये मुरूम लागला म्हणजे इथेही लागणारच. लागेलही. नाही लागला तर पाया कमी पडेल, आणि कधी कधी उलटंही होतं, जमीन चांगली असते आणि भीतीपोटी लोक उगाच खोल जातात. सळ्यांखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळीपासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, ठेवले आहेत का ते स्वतः वाकून बघ, स्लॅबला 20 मिलिमीटर, कॉलमला 40. सळई सरळ फळीवर टेकलेली असली की काही वर्षांत गंजते, फुगते आणि छताचे पोपडे अंगावर पडतात. विजेचे रिकामे पाइप स्लॅब भरायच्या आधी टाकून घ्या, वायर नंतर ओढता येते. बाथरूमला वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवायच्या आधी दोन दिवस पाणी भरून ठेवायला लाव आणि खालून बघ. ठेकेदार कुरकुर करेल. करू दे.

आणि बदल. भिंत उभी राहिल्यावर "दरवाजा जरा इकडे घेतला तर?" असं मीरा म्हणेल किंवा तू म्हणशील. दोघांनी आत्ता नकाशावर काय भांडायचं ते भांडून घ्या. कागदावरची भिंत रबराने जाते. बांधलेली फोडायला मजुरी, राडारोडा उचलायला मजुरी, पुन्हा बांधायला मजुरी, आणि वर ठेकेदाराचं "साहेब, हे एक्स्ट्रात जाईल." घरांचं बजेट सगळ्यात जास्त त्या एक्स्ट्रानेच मोडतं. म्हणून जादा कामाचा दर आधीच करारात लिहून घे. हप्ते कामाच्या टप्प्याला बांध, तारखेला नको. जोता झाला की इतके, स्लॅब पडला की इतके. ठेकेदाराकडे कामापेक्षा जास्त पैसे कधीच जाऊ देऊ नकोस, आणि शेवटचे पाच टक्के तरी हातात ठेव, खिडक्या नीट लागून पहिला पाऊस जाईपर्यंत. तुला मागताना लाज वाटते हे मला माहीत आहे. लहानपणी कॅरमच्या सोंगट्या परत मागायला मला पाठवायचास. करार करताना मीराला सोबत ने, ती लाजणार नाही.

बाबांना हे पत्र दाखवलेलं नाही. ते म्हणतील, पोराला करू दे त्याच्या मनासारखं. त्यांना तुझा मजला हवाच आहे. वरच्या खोलीत आपली आरामखुर्ची कुठे बसेल तेसुद्धा त्यांनी नकाशावर पेन्सिलीने दाखवलंय. त्यांचे गुडघे जिना चढणार नाहीत हे त्यांना कोण सांगणार?

मला तुझा अभिमान वाटतो, हे रविवारी म्हणायचं होतं. मी दर वेळी आधी खोट काढते आणि ते राहतं. आमच्यापेक्षा कितीतरी लवकर घर बांधतो आहेस, आणि कोणाकडे हात न पसरता. म्हणूनच ते पैसे मोडू नकोस म्हणते. तुम्ही दोघांनी ते काय काय टाळून जमवलेत ते मी बघितलंय, मीराने तर स्वतःसाठी काही घेतलेलं मला आठवतच नाही.

वरच्या मजल्याचा निर्णय झाला की एका ओळीत कळव. जो होईल तो. मी फोनवर त्यावर बोलणार नाही, शब्द देते.

छोटीला पापा. मीराला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. – ठेकेदाराच्या कराराचा मसुदा सही करायच्या आधी पाठव. लोखंड तो आणणार की तू, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असू दे. आणि तो आणणार असेल तर वजन कोण करणार, तेही.