मंत्रीसाहेब, घरटं असलेल्या झाडाला एक महिना द्या

मा. पर्यावरणमंत्री साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगसमोरच्या झाडाची छाटणी झाली. फांद्या वायरींना टेकत होत्या, त्यामुळे छाटायला हव्याच होत्या, त्याबद्दल तक्रार नाही, पण फांदी खाली आली तेव्हा तिच्यात बुलबुलचं घरटं आहे हे दिसलं, आधी कुणी वर बघितलंच नव्हतं. दोन पिल्लं. अंगावर धड पीस नाही, डोळे मिटलेले, आणि जरा हात जवळ नेला की चोच आ करून वर. एक थोड्याच वेळात गेलं, दुसरं संध्याकाळी. आई की बाप माहीत नाही, दोघंही भरवतात, पण एक बुलबुल चोचीत अळी धरून वायरीवर बसली होती, जिथे फांदी होती तिथपर्यंत उडायची आणि परत यायची. दोन दिवस हेच चाललं होतं. मला बघवत नव्हतं.

साहेब, बुलबुलची अंडी उबायला साधारण 12 ते 14 दिवस लागतात, मग पिल्लं घरट्याबाहेर पडायला अजून बारा-एक दिवस. म्हणजे सगळा मिळून महिनासुद्धा नाही! तेवढं एक झाड सोडून पुढच्याला हात घातला तर कुणाचं काय अडतं? जर्मनीत 1 मार्च ते 30 सप्टेंबर झुडपं आणि कुंपणाच्या झाडोऱ्याची मोठी तोड कायद्यानेच बंद असते, म्हणजे जमत नाही असं नाही.

आणि हे फक्त दयेपोटी नाही म्हणत. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना किडे-अळ्याच भरवते, दिवसभर खेपा घालून. चीनमध्ये 1958 ला चिमण्या धान्य खातात म्हणून मोहीम काढून मारल्या, लोक भांडी बडवत राहिले आणि त्या थकून खाली पडल्या, मग पिकांवर कीड इतकी वाढली की 1960 ला चिमणीचं नाव मारायच्या उपद्रवी जीवांच्या यादीतून काढून ढेकणाचं घालावं लागलं.

छाटणाऱ्या माणसांचा राग नाही मला, त्यांना जेवढं सांगितलं तेवढं त्यांनी केलं. त्यांना तुमच्याकडून लेखी आदेश हवा, की आधी घरटं बघायचं, असेल तर झाडाला खूण करून महिन्याने परत यायचं, फांदी अगदी धोक्याची असेल तरच हात लावायचा आणि तेव्हाही पक्षी सांभाळणाऱ्या जाणकाराला बोलावून. पुढच्या छाटणीच्या याद्या निघायच्या आधी हा आदेश काढा, प्लीज.

आपली,
एक नागरिक