अर्धवट चित्राला जागा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "कलाकारांसाठी खोल्याच बांधायच्या ना, मग इतके महिने कशाला?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

कलाकारांनी येऊन राहायचं आणि काम करायचं अशा या वसाहतीचा आराखडा काढायला बसले आणि डोळ्यांसमोर आई आली. आम्ही निजलो की जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तू रंगवायला बसायचीस आणि आम्ही उठायच्या आत सगळं आवरून टाकायचीस. ओला कागद कपाटावर, ब्रश पेल्यात. एकदा त्या कागदावर माझ्या हातून दप्तर पडलं. तू रागावली नाहीस, पण ते चित्र पुन्हा कधी हातात घेतलं नाहीस. मला ते अजून आठवतं, आई. म्हणून इथे माझी पहिली अट अशी, की अर्धवट काम आठवडाभर जसंच्या तसं पडून राहिलं पाहिजे. स्टुडिओ आणि निजायची खोली वेगळी, आणि स्टुडिओची किल्ली फक्त त्या कलाकाराकडे.

मोठी खिडकी उत्तरेला आणि उंचावर घेतलीय. तिकडून थेट ऊन फारसं येत नाही, त्यामुळे सकाळी कालवलेला रंग दुपारी वेगळा दिसत नाही. चित्रं मांडायच्या गॅलरीत मात्र उलटं. जलरंग उजेडाने विटतात आणि विटलेला रंग परत येत नाही, म्हणून कागदावरच्या चित्रांवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच, म्हणजे मंद प्रकाश ठेवतात. बाहेरच्या लख्ख उन्हातून एकदम तिथे शिरलं तर काहीच दिसणार नाही. त्यासाठी आधी एक वळणाची, हळूहळू अंधारत जाणारी वाट ठेवलीय. तिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

मातीकाम, भट्टी आणि दगडकाम लांब, दुसऱ्या टोकाला. बाबा, तैलरंगांसाठी वापरतात त्या जवसाच्या तेलात भिजलेली फडकी ढीग करून ठेवली तर आपोआप पेट घेतात, म्हणून प्रत्येक स्टुडिओत घट्ट झाकणाचा लोखंडी डबा आहे.

अमेरिकेत न्यू हॅम्पशरला मॅकडॉवेल नावाची अशी वसाहत १९०७ पासून आहे. तिथे दुपारच्या जेवणाची टोपली स्टुडिओच्या दाराशी ठेवून माणूस निघून जातो, दार वाजवत नाही. हे वाचून मी प्रत्येक दाराशेजारी एक कोनाडा काढला. आई, तुला कुणी हाक न मारता सलग तीन तास कधी मिळाले होते का गं?

उंबरठे कुठेच नाहीत, पायऱ्यांच्या जागी हलका उतार आहे. गुडघे दुखणाऱ्यालाही गॅलरीच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाता येईल.

बाबा, एक काम करा. आईला तिच्या नेहमीच्या खुर्चीत ताठ बसवा, जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत टेपने मोजा आणि सेंटिमीटरमध्ये कळवा. पहिल्या स्टुडिओतलं टेबल त्याच मापाचं करायचंय. सुताराला सोमवारी माप द्यायचं आहे.

तुमची लेक