फोटोत चेलो आहे, गिटार नव्हे

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला आइसलँडच्या लेव्हे या गायिकेवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय. तिची एवढी लोकप्रियता लेखकमहाशयांनी 'जुन्या काळाची फॅशन' म्हणून निकालात काढली. फ्रॉक, केसांची ठेवण, जुन्या सिनेमासारखे फोटो यांवर अर्धा लेख आणि गाण्यावर चार ओळीही नाहीत. त्यात फोटोखाली 'गिटारसह' असं छापलंय. अहो, तो चेलो आहे, व्हायोलिनचा थोरला भाऊ, गजानं वाजवायचा! पंधराव्या वर्षी ती आइसलँड सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत एकल चेलोवादनाला बसली होती. तिची आई त्याच ऑर्केस्ट्रातली व्हायोलिनवादक. 2024 चं ग्रॅमी तिला फ्रॉकसाठी मिळालेलं नाही.

माझी नात तिची गाणी लावते, तेव्हा मी हातातलं काम ठेवून ऐकतो. खालच्या पट्टीतला, कानाशी बोलल्यासारखा आवाज, आणि ओळ संपली की मागून व्हायोलिनं उठतात. या पोरांनी 1950 चं दशक पाहिलेलंच नाही, त्यांना आठवण कशाची येणार? त्यांच्या कानाला हे कोरं करकरीत आहे.

मी गावातल्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचो. केशवराव भोसले नाट्यगृहात भावगीतांचा कार्यक्रम होता. (ते 2024 च्या आगीत जळालं, ते दुःख वेगळंच.) आम्ही चौघे गजाला राळ लावून तयार बसलेलो आणि आयोजक येऊन म्हणाले, "चौघांचं मानधन कशाला? कीबोर्डात व्हायोलिन हाय की!" तो कार्यक्रम मी प्रेक्षकांत बसून ऐकला. कीबोर्डचा सूर सपाट, फूटपट्टीनं ओढल्यासारखा. चार गज एकदम ओढले की कुणी केसभर पुढे असतो, कुणी मागे, सूरही तसूभर इकडेतिकडे असतात, आणि त्यातूनच तो भरीव, थरथरता आवाज तयार होतो. प्रेमगीताला तोच लागतो. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी मला विचारलं, "आज व्हायोलिनवाले आले नाहीत का?" त्यांना स्वरलिपी येत नसेल, पण कान होता. लेव्हेची गाणी ऐकणाऱ्या पोरांनाही तो आहे. सुधीर फडक्यांच्या जन्मगावातल्या वर्तमानपत्राला एवढं कळायला हवं होतं.

फोटोओळीची दुरुस्ती ठळक छापावी. शिवाय, आमच्या व्हायोलिन वर्गाच्या मुलांच्या कार्यक्रमाची बातमी मी स्वतः तुमच्या कार्यालयात आणून दिली होती. ती अजून आलेली नाही. कार्यक्रम होऊन गेला, तरी मुलांचे फोटो माझ्याकडे आहेत. ते पाठवतो, निदान ते तरी छापा.

आपला,
एक जुना व्हायोलिनवादक
मंगळवार पेठ, कोल्हापूर