बांगडा-तारली मागवणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत कर्नाटक आणि गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी आहे, त्यामुळे आपली आठवड्याची गाडी या काळात बंद राहील. पारंपरिक होड्यांना सूट असते, पण तेवढी मासळी चोर्ला घाट चढून बेळगावात येईलच असं नाही. आली तरी भाव ऐकून भूक मरेल!

बंदी या दिवसांत का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. पावसाळ्यात वारे आणि प्रवाह खोलातलं थंड, सकस पाणी वर आणतात, त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) माजतं आणि पिल्लांना आयतं खाणं मिळतं. तारलीची अंडी घालायची धामधूम साधारण जून ते सप्टेंबर. बांगड्याचाही मोठा हंगाम पावसाच्या आगेमागेच. पाऊस ओसरला की थवे किनाऱ्याजवळ येतात, तेव्हा ऑक्टोबरपासून भरपूर खा.

ऑगस्टमध्ये गाडी सुरू झाल्यावर वीतभरही नसलेला बांगडा घेऊ नये. १४ सेंटिमीटरच्या आतला म्हणजे पोरच. गाभोळीचा (माशाच्या अंड्यांचा) हट्टही तेव्हा जरा आवरावा, ही विनंती. घेताना कल्ला उचलून बघा. लालभडक हवा, तपकिरी नको.

तोवर सुकट, खारा बांगडा कोणाला हवा असल्यास शनिवारपर्यंत ग्रुपवर नाव द्यावे.