बॅनर लावा, पण वाऱ्याला वाट ठेवा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

गणपती जवळ आले की आमच्या कोल्हापुरात चौकाचौकात फ्लेक्स उभे राहायला लागतात, म्हणून आत्ताच लिहितोय. मी बॅनरच्या विरोधात अजिबात नाही. माझे वडील पेंटर होते, बॅनर रंगवूनच आमचं घर चाललं, त्यामुळं बॅनर लावूच नका असं माझ्या तोंडून निघणार नाही. पण लावायची पद्धत बदलायला पाहिजे.

वडील मांजरपाट ताणून खळ लावायचे, मग रंगाची भुकटी लावलेली दोरी दोन्हीकडं धरून टिचकी मारली की सरळ रेघ उमटायची आणि त्यावर अक्षरं बसायची. रस्त्यावर आडवा बांधायचा बॅनर असला की रंग वाळल्यावर त्यात कात्रीनं अर्धगोल चिरा द्यायचे. मला लहानपणी कळायचंच नाही की एवढं चांगलं कापड कापतात कशाला, तर ते म्हणायचे, वाऱ्याला वाट द्यायची, नाहीतर वारा बांबूसकट बॅनर घेऊन जातो. आता वीस फुटी फ्लेक्सला एक चीर नसते आणि मागं सुतळीनं बांधलेले बांबू. मागच्या पावसाळ्यात असाच एक बांबू सुटून माझ्या गाडीपुढं पडला, मिसेस मागं बसलेल्या, थोडक्यात वाचलो. घाटकोपरला 13 मे 2024 ला वादळी वाऱ्यात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि 17 जीव गेले, मर्यादा 40 बाय 40 फुटांची आणि होर्डिंग 120 बाय 120 चं!

विद्रूपीकरणाचा कायदा 1995 पासून आहे, हायकोर्टानं कितीदा फटकारलंय, पण कारवाई आली की फ्लेक्स उतरतात आणि दोन दिवसांनी परत तिथंच. म्हणून मला वाटतं दंडाबरोबर मंडळांच्या पोरांना दुसरं काहीतरी चांगलं हातात द्यायला पाहिजे.

वारीतल्या दिंड्या बघा. कापडी बॅनर, त्यावर दिंडीचा नंबर, दोन काठ्यांना बांधून दोघांनी धरलेला. लांबून वाचता येतो, झाडाला खिळा नाही, खांबाला तार नाही, मुक्कामाला पोचलं की गुंडाळून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी तोच. मिरवणुकीला हे का नको? वाढदिवसाच्या शुभेच्छांना तालमीच्या, म्हणजे मंडळाच्या, दारात काळा फळा आणि रंगीत खडू बास आहे, मुंबईत मंडळांचे वार्ताफलक असेच चालायचे आणि माणसं थांबून वाचायची. मोठा बॅनर पाहिजेच असेल तर महापालिकेनं चौकात सिग्नल झाकणार नाही अशा जागी पक्क्या लोखंडी फ्रेम कराव्यात, तारीख ठरवून भाड्यानं द्याव्यात, मुदत संपली की बॅनर खाली. आणि तो कापडाचा, हातानं रंगवलेला असावा. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, कुजत नाही आणि जाळला तर विषारी धूर. जे फ्लेक्स आधीच छापलेत ते कांदा आणि जळणाची लाकडं झाकायला शेतकऱ्यांना देऊन टाका.

चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर यांच्या गावात हातानं अक्षर काढणारा शोधावा लागतो याचं फार वाईट वाटतं. गावात आर्टची पोरं आहेत की, मंडळांनी त्यांना काम द्यावं, चार पैसे त्यांना मिळतील.

आमच्या तालमीचा फळा यंदा मी रंगवून देतोय, वडिलांचे ब्रश अजून जपून ठेवलेत. आणखी कुठल्या मंडळाला पाहिजे असेल तर त्यांचाही करीन, पैसे नकोत, रंग तेवढा आणून द्या.

आपला,
एका पेंटरचा मुलगा, कोल्हापूर