गोल मण्यांवरची चाचणी पुरेशी नाही

महोदय,

सूक्ष्मवाहिन्यांतून रक्तपेशी वेगळ्या काढणाऱ्या चिपविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. लेख चांगला आहे, पण 'वाहिनीत कण आकारमानानुसार वेगळे होतात' हे त्यातले विधान अर्धेच खरे आहे. अशा चिपची चाचणी सहसा पॉलिस्टायरीनच्या गोल मण्यांवर घेतात आणि गोल मणी हा सर्वांत निरुपद्रवी कण. 100 मायक्रॉन रुंद वाहिनीत पाणी सेकंदाला 1 मिलिमीटर वेगाने वाहत असेल, तर रेनॉल्ड्स अंक (जडत्व आणि द्रवाचा चिकटपणा यांच्या परिणामांचे गुणोत्तर) जेमतेम 0.1 भरतो. जडत्वाचे तिथे फारसे चालत नाही. मणी ज्या प्रवाहरेषेवर सुटला तिच्यावरच राहतो.

लांबट कण कोलांट्या खात जातो. ब्रिटिश गणिती जेफ्री यांनी 1922 मध्ये याचे गणित मांडले. त्यानुसार लांबी जाडीच्या दहापट असेल तर एका फेरीला गोल कणाच्या सुमारे पाचपट वेळ लागतो. त्यातला बहुतेक वेळ कण प्रवाहाच्या दिशेने पडून असतो आणि उलटतो ते झटक्यात. चार-दोन चित्रे पाहून तो फिरतच नाही असे वाटते ते यामुळेच.

तांबडी पेशी सुमारे 8 मायक्रॉन व्यासाची, पण जाडीला 2 मायक्रॉनच्या आसपास. खांबांच्या तिरक्या रांगांतून कण वळवणाऱ्या चिपमध्ये वाहिनी खोल असेल तर पेशी कडेवर उभी राहते आणि तिची जाडीच मोजली जाते. वाहिनीची उंची पेशीच्या व्यासाहून कमी केली की तिला उभे राहता येत नाही, मग व्यास मोजला जातो. खांब तेच, पेशी तीच, पण बाहेर पडण्याची वाट वेगळी!

वाहिनीच्या उंचीत जेमतेम मावणाऱ्या चपट्या कणांचे वागणे आणखी मजेशीर. छत आणि तळाशी घर्षण झाल्याने ते भोवतालच्या द्रवाच्या मागे पडतात. दोन समान चकत्या जोडलेले डंबेल बाजूच्या भिंतींदरम्यान डोलत राहते. एक चकती मोठी केली, की मोठी बाजू मागे ठेवून डंबेल सरळ होते आणि आपोआप मध्यरेषेवर येते.

असे कण वाहिनीतच घडवतात. त्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल डायअॅक्रिलेट या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवात प्रकाश-आरंभक (प्रकाश पडताच घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारे रसायन) मिसळून प्रवाह थांबवायचा आणि कणाच्या आकाराची खिडकी असलेल्या मुखवट्यातून अतिनील प्रकाशाचा अल्पकाळ झोत द्यायचा. वाहिनी ज्या पीडीएमएस नावाच्या सिलिकॉन रबराची असते, त्यातून झिरपणारा ऑक्सिजन भिंतीलगतचा पातळ थर घट्ट होऊ देत नाही, म्हणूनच कण सुटा राहतो. तळाच्या काचेवर पीडीएमएसचा लेप द्यायचा राहिला तर कण काचेलाच चिकटतो. दुसरी अडचण दाबाची. पीडीएमएस मऊ असल्याने दाबाखाली वाहिनी फुगते आणि झडप बंद केल्यावर लगेच बसत नाही. घाईने झोत दिला तर कणाच्या कडा फरफटतात, शिवाय तो जाड होऊन वाहिनी बसल्यावर अडकतो. प्रवाह पूर्ण थांबल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच झोत द्यावा.

चिपविषयी लिहिताना वाहिनीची उंची, कणाची जाडी आणि चाचणीचे कण गोल होते की नाही, एवढे तरी द्यावे. नुसत्या 'व्यास इतके मायक्रॉन' या आकड्यावरून ती चिप पेशींवर चालेल का, हे कळत नाही.

— एक अभ्यासक