जुगारी वेगळा, फितूर वेगळा

महोदय,

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या जुगार प्रकरणांवरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. लेखकाने मायकल जॉर्डन, चार्ल्स बार्कली, जॉन्टे पोर्टर आणि टेरी रोझियर हे सगळे खेळाडू एकाच माळेचे मणी ठरवले आणि पैसा आला की चारित्र्य जातं, असं म्हणून ते मोकळे झाले. मला हे पटलं नाही. स्वतःच्या खिशातले पैसे उधळणारा जुगारी. संघाची जर्सी अंगात असताना खेळ विकणारा फितूर. जुगाऱ्याची काळजी त्याच्या घरच्यांनी करावी; फितूर मात्र तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला फसवतो.

जॉर्डनचंच घ्या. मे १९९३. न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या मालिकेतला पहिला सामना त्याचा संघ शिकागो बुल्स हरला होता. दुसऱ्या सामन्याच्या आदल्या रात्री हा गडी वडिलांना बरोबर घेऊन अटलांटिक सिटीच्या कसिनोत गेला. तिकडच्या वृत्तपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. त्यात दुसरा सामनाही बुल्स ९६-९१ असे हरले, म्हणजे टीकाकारांच्या हाती आयतंच कोलीत. पण हरलेल्या त्या सामन्यातही जॉर्डनचे ३६ गुण होते आणि चौथ्या सामन्यात त्याने एकट्याने ५४ केले. बुल्सनी पुढचे चारही सामने जिंकून मालिका घेतली आणि जूनमध्ये सलग तिसरं अजिंक्यपद. त्या रात्री तो किती वाजता झोपला याच्याशी प्रेक्षकाला काय करायचंय?

जॉर्डन साधुसंत होता असं नव्हे. स्लिम बूलर नावाच्या, कोकेनच्या प्रकरणात शिक्षा भोगलेल्या माणसाकडे त्याचा ५७ हजार डॉलरचा धनादेश सापडला. हे बूलरला दिलेलं कर्ज आहे, असं आधी सांगण्यात आलं. ऑक्टोबर १९९२ मध्ये बूलरच्या खटल्यात साक्षीला उभं राहिल्यावर जॉर्डनने शपथेवर कबूल केलं, की तो जुगारात हरलेला पैसा होता. माझ्या लेखी त्याच्यावरचा डाग हा आहे, कसिनो नव्हे. आपल्या लेखातली 'छुप्या बंदीची' कथा मात्र निव्वळ वावडी. ऑक्टोबर १९९३ मध्ये त्याने निवृत्ती घेतली ती जुगारामुळे लादलेली होती, असं तीस वर्षं कुजबुजलं जातंय. पुरावा कोणी दिलेला नाही. लीगच्या चौकशीत नियमभंग आढळला नव्हता, आणि निवृत्तीच्या तीनच महिने आधी त्याच्या वडिलांचा खून झाला होता, हे कुजबुजणारे सोयीस्करपणे विसरतात.

बार्कलीबद्दल काय लिहायचं? जुगारात साधारण एक कोटी डॉलर घालवले, असं त्याने २००६ मध्ये स्वतःच सांगून टाकलं. १९९३ मध्ये बुटांच्या जाहिरातीत उभं राहून 'मी कुणाचा आदर्श नाही' असंही तोच म्हणाला होता. त्यावर तेव्हा गहजब झाला. मला ती जाहिरात प्रामाणिक वाटते, बूट विकायला केलेली असली तरी.

आता पोर्टरकडे येऊ. टोरंटो रॅप्टर्सचा हा खेळाडू कुणी तारा वगैरे नव्हता. टू-वे करारावर होता, म्हणजे एक पाय मुख्य संघात आणि एक पाय खालच्या लीगमध्ये. २६ जानेवारी २०२४ ला चारेक मिनिटं खेळून डोळ्याच्या दुखापतीचं कारण सांगत तो बाहेर गेला. २० मार्चला तीन मिनिटं खेळला, मग म्हणे बरं वाटत नाही. त्या २० मार्चच्या सामन्यावर कोणीतरी ८० हजार डॉलर लावले होते. पैज कसली, तर पोर्टर आज ठरावीक आकड्यापेक्षा कमी गुण, कमी रिबाउंड (बास्केटला लागून उडालेला चेंडू पकडणं) करणार. त्यावर अकरा लाख डॉलर मिळायचे होते. पैजा घेणाऱ्या कंपनीला संशय आला आणि पैसे अडकले. १७ एप्रिलला एनबीएने त्याला कायमचं घरी बसवलं आणि जुलैमध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला.

यातली मेख लक्षात घ्या. सामना हरवायला पाच जण फोडावे लागतात, निदान दोघे-तिघे तरी. एका खेळाडूच्या 'कमी'वर पैसे लावता येतात म्हटल्यावर एकच माणूस पुरतो, आणि त्याला वाईट खेळावंही लागत नाही, नुसतं बाकावर जाऊन बसायचं. जिल्हा आणि शालेय स्पर्धांत मी बरीच वर्षं टेबलावर बसून स्कोअरशीट भरली आहे. खेळाडू उतरला की त्याच्या नावापुढे फुली पडते, मग त्याचे फाउल आणि गुण चढत जातात. जो दोन मिनिटांत घोटा धरून बाहेर आला त्याची ओळ कोरीच राहते. टेबलावर भांडणं होतात ती पाचव्या फाउलवरून. कोऱ्या ओळीवरून आजवर एकाही प्रशिक्षकाने माझ्याशी वाद घातलेला नाही. पोर्टरने विकली ती ही कोरी ओळ.

आणि का विकली? त्याने कोर्टात सांगितलं ते असं, की जुगाराचं कर्ज डोक्यावर बसलं होतं, त्यातून सुटायला हे केलं. म्हणजे जुगारी आणि फितूर यांच्यामध्ये एक पूल आहे, आणि त्या पुलाचं नाव उधारी. इथे आपल्या लेखकांचं थोडं बरोबर आहे हे मी मान्य करतो. फक्त त्यातून निघतं ते फार गैरसोयीचं आहे. जॉर्डनने लाखो डॉलर हरले तरी तो कुणाचा मिंधा झाला नाही, कारण त्याला ते परवडत होतं. तीच खोड पोर्टरला असली की तो सावकाराच्या तावडीत सापडतो. मग चारित्र्य कोणाचं चांगलं? मला तरी यात बँकेतल्या शिलकीपलीकडे फारसा फरक दिसत नाही, आणि लीगने पहारा द्यायचा तर ताऱ्यांवर कमी आणि बाकाच्या टोकाला बसलेल्या पोरांवर जास्त द्यायला हवा. पोर्टरनंतर टू-वे आणि दहा दिवसांच्या करारावरच्या खेळाडूंवर 'कमी'च्या पैजा घेऊ नका, असं लीगने कंपन्यांना सांगितलं ते याचसाठी.

रोझियर माझ्या या हिशेबात बसत नाही. वर्षाला दोन कोटी डॉलरहून अधिक पगार असलेला माणूस असं का करेल, हे मला सांगता येत नाही. त्याने केलं की नाही, हेही अजून ठरायचंय. २३ ऑक्टोबर २०२५ ला त्याला अटक झाली. आरोप २३ मार्च २०२३ च्या सामन्याचा. तेव्हा तो शार्लट हॉर्नेट्सकडे होता आणि साडेनऊ मिनिटं खेळून पाय दुखतो म्हणून बाहेर गेला. आपण लवकर बाहेर पडणार हे त्याने मित्राला आधीच सांगितलं आणि त्यावर दोन लाखांहून अधिक डॉलर लागले, असं सरकारी वकील म्हणतात. तो आरोप नाकारतो. एनबीएने त्या सामन्याची आधीच चौकशी केली होती आणि तिला काही सापडलं नव्हतं, हा तपशील आपल्या लेखात आला नाही.

त्याच दिवशी पोर्टलंडच्या एनबीए संघाचा तेव्हाचा प्रशिक्षक चॉन्सी बिलप्सही पकडला गेला. २००४ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, हॉल ऑफ फेममधला, म्हणजे बास्केटबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीतला माणूस. त्याच्यावरचा खटला बास्केटबॉल सामन्याचा नाही, पोकरच्या अड्ड्यांचा आहे. पत्ते पिसणारी यंत्रं बिघडवलेली, पालथे पत्ते वाचणारं एक्स-रे टेबल, खास कॉन्टॅक्ट लेन्स, आणि मागे न्यूयॉर्कची माफिया घराणी. प्रसिद्ध माणसाशेजारी बसायला मिळतं म्हणून धनिक मंडळी यायची आणि लुटली जायची, असा आरोप आहे. बिलप्सनेही गुन्हा नाकारला आहे. हे आरोप खरे ठरले तर ती सरळ ठकबाजी, चारसोबीस. तिला जुगार तरी का म्हणावं?

संशयावरून चारित्र्य ठरवलं की काय होतं, हे कॉनी हॉकिन्सच्या बाबतीत दिसलं आहे. ब्रुकलिनच्या गल्लीतल्या कोर्टांवर घडलेला हा मुलगा १९६१ मध्ये आयोवा विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता. त्या वर्षी कॉलेज बास्केटबॉलमधलं सामना-निश्चितीचं मोठं प्रकरण फुटलं. सूत्रधार जॅक मोलिनास, जो स्वतः एनबीए खेळाडू असताना आपल्याच संघावर पैसे लावल्याबद्दल १९५४ मध्ये हाकलला गेला होता. हॉकिन्सने मोलिनासकडून दोनशे डॉलर उसने घेतले होते, आणि ते फिटलेही होते. त्याच्यावर कधीही आरोपपत्र दाखल झालं नाही. गंमत म्हणजे (गंमत कसली!) तेव्हाच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या मुलांना विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळताच येत नसे. जो सामना खेळलाच नाही तो विकणार कसा? तरी विद्यापीठाने काढलं आणि एनबीएने दारं बंद केली. तो हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या संघाबरोबर फिरला, दुसऱ्या लीगमध्ये खेळला, शेवटी कोर्टात गेला. १९६९ मध्ये एनबीएने तडजोड केली आणि तो फिनिक्स सन्सकडून उतरला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. उमेदीची आठ वर्षं दोनशे डॉलरच्या उसनवारीपायी गेली. १९९२ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. त्याच वर्षी जॉर्डन त्या ५७ हजारांचा खुलासा कोर्टात करत होता, आणि त्याच्याविरुद्ध दार बंद करायची कुणाची छाती झाली नाही.

लेखात लीगविषयी मात्र एक ओळही नाही. एनबीएचे आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी २०१४ मध्येच न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सट्टा कायदेशीर करा, अशी मागणी केली होती. मे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला बंदी घालणारा १९९२ चा कायदा रद्द केला आणि दोन-अडीच महिन्यांत लीगने एमजीएम या कसिनो कंपनीशी भागीदारी जाहीर केली. लपूनछपून चालण्यापेक्षा उजेडात चाललेलं बरं, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पोर्टर सापडला तो कायदेशीर कंपनीच्या नोंदींमुळेच. पण एकेका खेळाडूच्या रिबाउंडवर भाव लावायचा, त्या कंपनीच्या जाहिराती घ्यायच्या आणि मग पोराला सचोटीची शिकवण द्यायची, याला आमच्याकडे 'चोराला म्हणे चोरी कर, सावाला म्हणे जागा राहा' म्हणतात.

आपण मुंबईकर-नागपूरकरांनी याकडे अमेरिकेचं खूळ म्हणून बघण्याचंही कारण नाही. मुंबईचा मटका सुरू झाला तोच मुळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या भावांवर. ओपन-क्लोज हे शब्द तिथूनच आपल्या पानटपऱ्यांवर आले. पुढे आयपीएलमधलं २०१३ चं स्पॉट फिक्सिंग हे पोर्टरच्या तीन मिनिटांसारखंच होतं: सामना नाही, एक षटक विकायचं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्याने आकडे लावणं थांबेल, असं मला वाटत नाही.

आपल्याकडे एवढंच मागणं आहे. रोझियर आणि बिलप्स यांच्या अटकेची बातमी आपण फोटोसह चार कॉलम छापली होती. खटल्यांचा निकाल लागेल तेव्हा तो काहीही लागो, त्याच पानावर तेवढ्याच जागेत छापावा. आणि तोवर त्यांच्या नावाआधी 'आरोपी' हा शब्द राहू द्यावा. रविवारच्या लेखात तो एकदाही नव्हता.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर